कपाटातल्या तबकड्या वाचवू या!

दोस्तांनो, आज संगणकाकडे वळण्याआधी एक छोटी शोधमोहीम. घरातलं जुनं कपाट उघडा. लग्नाच्या अल्बममागे, नाहीतर दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली चकचकीत तबकड्या सापडतात का, बघा. एखादीवर मार्करनं लिहिलं असेल, ‘आत्याचं लग्न, २००४’. दुसरीवर ‘बालवाडी स्नेहसंमेलन’. आणि तिसरीवर काहीच नाही!

सापडल्या? शाब्बास! पण आता त्या लावायच्या कशात? घरातला सीडी प्लेअर केव्हाच भंगारात गेला आणि लॅपटॉपला सीडीचा कप्पाच नाही. म्हणून आज आपण डेस्कटॉप संगणकात ऑप्टिकल ड्राइव्ह, म्हणजे सीडी-डीव्हीडी वाचणारं यंत्र, बसवायला शिकू या. हे काम पुढच्या सुट्टीवर मात्र ढकलू नका हं. का, ते आधी बघू.

तबकडीवर असतं तरी काय?

सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी मिळून तयार केलेली सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. व्यास १२ सेंटिमीटर, जाडी फक्त १.२ मिलिमीटर. तिच्यावर माहितीची एकच अखंड वाट असते, थेट चकलीसारखी! ही चकली मधून सुरू होते आणि कडेकडे जाते. तिचे वेढे एकमेकांपासून अवघ्या १.६ मायक्रॉनवर असतात. (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन.) ही चकली उलगडून सरळ केली, तर पाच किलोमीटरहून जास्त लांब भरेल!

दुकानातून आणलेल्या गाण्यांच्या सीडीत या वाटेवर बारीक खळगे दाबलेले असतात. ड्राइव्हमधला लेझर किरण त्यांच्यावरून फिरतो. पुष्कळांना वाटतं, खळगा म्हणजे ० आणि सपाट जागा म्हणजे १. तसं नाही! खळग्याची कड आली की १, आणि कड नसेल तोवर ०.

घरी किंवा फोटो स्टुडिओत एकदाच ‘राइट’ केलेल्या तबकडीत मात्र असे खळगे नसतात. तिच्यात एका रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेझर त्या थरावर जागोजागी डाग पाडतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी हा रंग हळूहळू बिघडतो, आणि वरून काही कळतही नाही. आता गंमत बघा. सिनेमाच्या डीव्हीडीच्या हजारो प्रती असतात. आत्याच्या लग्नाची तबकडी एकच, आणि तीच जास्त नाजूक! म्हणून घाई करायची.

कोणता ड्राइव्ह आणायचा?

सीडीत सुमारे ७०० मेगाबाइट माहिती मावते, तर एका थराच्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट. डीव्हीडीचा ड्राइव्ह सीडीही वाचतो, पण सीडीचा ड्राइव्ह डीव्हीडी वाचत नाही. तेव्हा डीव्हीडी रायटरच घ्या. जुन्या संगणकातून काढलेलाही चालेल. फक्त त्याच्या मागची बाजू बघा. रुंद, ४० पिनांची पट्टीसारखी केबल लागत असेल, तर तो जुना आयडीई प्रकार. आजच्या मदरबोर्डवर त्याला जागा नसते. आपल्याला हवा साटा प्रकारचा. त्याच्या दोन्ही खाचा ‘एल’ या इंग्रजी अक्षरासारख्या असतात.

आणि संगणकाच्या डब्याला पुढून सव्वापाच इंची कप्पा आहे का, तेही तपासा. हल्लीच्या पुष्कळ डब्यांना तो नसतो. तसं असेल तर यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह आणा. काम तेच होईल.

चला, बसवू या!

घरातलं एक मोठं माणूस शेजारी हवंच. फुलीसारख्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या.

१. संगणक बंद करा आणि प्लग भिंतीतून काढा. मग चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल.

२. डब्याच्या उघड्या धातूला हात लावा. अंगावरची स्थिर विद्युत तिथं उतरते. नाहीतर एका ठिणगीनं नाजूक भाग बिघडू शकतो.

३. मागचे दोन स्क्रू काढून डब्याची बाजूची पत्र्याची फळी सरकवा. आतला वीज पुरवणारा पेटीसारखा भाग, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडायचा नाही!

४. पुढच्या कप्प्याचं प्लॅस्टिकचं झाकण आतून ढकलून काढा. ड्राइव्ह बाहेरून आत सरकवा आणि त्याचं तोंड डब्याच्या तोंडाशी जुळवा.

५. दोन्ही बाजूंना दोन-दोन स्क्रू. आधी चारही सैल लावा, मग एकेक आवळा. स्क्रू ड्राइव्हबरोबर मिळालेले, आखूडच हवेत. लांब स्क्रू आतल्या भागात घुसेल.

६. आता केबली. रुंद १५ पिनांची येते एसएमपीएसकडून, तिच्यातून वीज मिळते. अरुंद ७ पिनांची जाते मदरबोर्डकडे, तिच्यातून माहिती वाहते. उलट्या बाजूनं त्या बसतच नाहीत. तेव्हा जोर करू नका, फिरवून बघा.

फळी लावा, प्लग जोडा, संगणक सुरू करा. विंडोजला ड्राइव्ह आपोआप ओळखता येतो. दिसला नाही, तर पुन्हा प्लग काढून दोन्ही केबली घट्ट बसवा. बहुतेक वेळा गोम तिथंच असते.

तबकडी लावताना

धूळ मऊ, सुती कापडानं मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल-गोल नाही! गोल ओरखडा माहितीच्या वाटेनंच जातो आणि सलग माहिती खातो. आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याला थोडासाच लागतो, आणि तेवढी तूट ड्राइव्ह हिशेब करून भरून काढतो. एखादं अक्षर गळलं तरी तुम्ही वाक्य वाचता ना, तसंच! आणि सीडीची माहिती नावाच्या बाजूला, अगदी वरच्या थराखाली असते. म्हणून त्या बाजूलाही जपा. टोकदार बॉलपेननं तिच्यावर लिहू नका.

तडा गेलेली तबकडी मुळीच लावायची नाही. वेगवान ड्राइव्हमध्ये ती मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरू शकते. आतच तुकडे होतील!

लग्नाच्या व्हीसीडीतली चित्रफीत ‘एमपीईजीएव्ही’ या फोल्डरमध्ये असते, डीव्हीडीतली ‘व्हिडिओ टीएस’मध्ये. पूर्ण फोल्डर कॉपी करा. विंडोज ८ (२०१२) पासून डीव्हीडीवरची चित्रफीत दाखवायची सोय विंडोजमध्ये आयती मिळत नाही. त्यासाठी व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्रोग्राम वापरा. गाण्यांच्या सीडीची गोष्ट वेगळी. तिच्यातल्या फाइली नुसत्या कॉपी केल्या, तर इवल्याशा फाइली येतात आणि वाजत नाहीत. विंडोजच्या मीडिया प्लेअरमध्ये ‘रिप’ असं बटण असतं, ते वापरा.

कप्पा अडकला तर? संगणक बंद करा. ड्राइव्हच्या तोंडावर एक बारीक भोक दिसेल. सरळ केलेली कागदाची क्लिप त्यात हळूच दाबा. कप्पा थोडा बाहेर येईल. तो हातानं ओढा.

आई-बाबांसाठी

मुलांना स्क्रू फिरवू द्या. तुम्ही फक्त प्लगवर लक्ष ठेवा. आणि प्रत्येक चित्रफितीच्या दोन प्रती करा: एक संगणकात, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर. मूळ तबकडी फेकू नका. ती डबीत घालून, कपाटात अंधारात, उभी ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ

एक तरी तबकडी कॉपी करा. मग आजी-आजोबांना शेजारी बसवून ती लावा आणि वही घेऊन विचारा: हे कोण? हा आवाज कुणाचा? फाइलला तारीख आणि नावं द्या. कारण चित्रफीत संगणक जपून ठेवेल, पण मांडवाच्या खांबाशी उभे असलेले ते फेटेवाले आजोबा कोण होते, हे त्याला ठाऊक नाही. ते सांगणारी माणसं घरात आहेत, तोवर विचारून घ्या!