भिजलेल्या धान्याचे राजकारण

गरिबाच्या मृत्यूचे कारण शोधताना शासनाला आणि सुशिक्षित समाजाला एक शब्द नेहमी हाताशी सापडतो. तो म्हणजे ‘अज्ञान’. अतिसाराने मूल दगावले तर आईचे अज्ञान; बुरशी आलेले धान्य खाऊन आदिवासी दगावले तर आदिवासींचे अज्ञान. हा शब्द मोठा सोयीचा आहे. तो एकदा उच्चारला की प्रबोधनाची भित्तिपत्रके छापून कर्तव्यातून मोकळे होता येते. जमीन, धान्य आणि भाव यांविषयी काही बोलावे लागत नाही. परंतु याच विषयावर भारतीय शास्त्रज्ञांनी केलेले संशोधन नीट वाचले, तर हा युक्तिवाद क्षणभरही टिकत नाही.

१९७४ च्या अखेरीस गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांच्या आदिवासी भागांत काविळीची एक विचित्र साथ उद्भवली. रोग्यांच्या पोटात झपाट्याने पाणी साठे. माणसांच्या आधी गावातली कुत्री त्याच लक्षणांनी आजारी पडली होती. दीडशेहून अधिक गावांत ३९७ माणसे आजारी पडली आणि त्यांपैकी १०६ दगावली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. कृष्णमाचारी, डॉ. रमेश भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साथीचा छडा लावला. कापणीच्या सुमारास झालेल्या अवकाळी पावसात मका भिजला होता. त्यावर ऍस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती आणि तिने अफ्लाटॉक्सिन हे यकृत नासवणारे विष धान्यात उतरवले होते. मक्याच्या नमुन्यांत हे विष किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम आढळले. भारतीय कायद्याने अन्नासाठी पुढे दीर्घकाळ मान्य केलेली मर्यादा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम होती. म्हणजे ही माणसे त्या मर्यादेच्या दोनशे ते पाचशे पट विष रोजच्या भाकरीबरोबर खात होती. आणि हे विष चुलीवरच्या आचेने नष्ट होत नाही.

हे विष तेव्हा विज्ञानाला अपरिचित होते काय? मुळीच नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्या पक्ष्यांत भांडवल गुंतलेले होते. म्हणून चक्रे तातडीने फिरली आणि दोन-तीन वर्षांतच विषाचे मूळ, नाव व रासायनिक रचना हाती आली. भारतही मागे नव्हता. हैदराबादच्याच प्रयोगशाळेत तुळपुळे, माधवन आणि गोपालन यांनी माकडांच्या पिलांना अफ्लाटॉक्सिन खाऊ घालून त्यांच्या यकृतावर होणारा घातक परिणाम १९६४ सालीच प्रसिद्ध केला होता. पंचमहालच्या आधी पूर्ण दहा वर्षे! इशारा देशातच छापला गेला होता. तो झोपडीपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा मात्र कोणी उभारली नाही. अज्ञान कोणाचे म्हणायचे?

शिवाय इशारा पोहोचला असता तरी त्या कुटुंबांनी काय केले असते? बुरशी डोळ्यांना दिसत होती. मका खराब झाला आहे हे कळण्यासाठी आदिवासी स्त्रीला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. पण घरात दुसरा दाणा नव्हता आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. खराब धान्य फेकून देणे ही ज्याच्या कोठीत दुसरे धान्य असते त्याचीच चैन आहे. मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. कणसात असताना पावसाने काळी पडलेली ज्वारी बाजारात कवडीमोलाने जाते. चांगले ते विकायचे आणि काळे ते घरी खायचे, हा लहान शेतकऱ्याचा आणि शेतमजुराचा हिशेब आहे. १९९५ साली आंध्र प्रदेश व कर्नाटकातील काही गावांत अशीच भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन पोटदुखी व अतिसाराची साथ आली. तेव्हा बुरशीचे विष निराळे होते, फ्युमोनिसिन. पण पाऊस तोच आणि दारिद्र्यही तेच.

आता कायद्याकडे पाहावे. युरोपात थेट खाण्यासाठी जाणाऱ्या शेंगदाण्यात एकूण अफ्लाटॉक्सिन किलोमागे ४ मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही. त्यासाठी ‘अपेडा’च्या देखरेखीखाली मालाची प्रयोगशाळेत तपासणी होते, प्रमाणपत्र दिले जाते, माल कोठून आला याची नोंद राहते. म्हणजे तंत्र आहे, प्रयोगशाळा आहेत, शिस्तही आहे. परंतु ती परकीय ग्राहकासाठी. देशातल्या ग्राहकासाठी ३० ची मर्यादा पुरेशी मानली गेली. तृणधान्यांसाठी ती पुढे १५ वर आली, तीही बहुतांशी कागदावर. गावच्या आठवडी बाजारात धान्याचा नमुना तपासायला कोण येतो?

काही मित्र म्हणतील, मर्यादा युरोपइतकी कडक करा म्हणजे प्रश्न सुटेल. या मागणीत अर्धेच सत्य आहे. पंचमहालचा मका बाजारात आलाच नव्हता. तो स्वतःच्या शेतातून स्वतःच्या चुलीवर गेला. विकत घेणाऱ्याचे रक्षण करणारा कायदा पिकवून खाणाऱ्याचे रक्षण करू शकत नाही. उलट भरपाईविना नुसती मर्यादा कडक केली, तर व्यापारी नाकारील तो माल शेतकऱ्याच्याच ताटात परत येईल. म्हणून खरी मागणी निराळी आहे: भिजलेले धान्य सरकारने वाजवी भावाने विकत घेऊन अन्नातून आणि पशुखाद्यातून बाहेर काढावे, आणि त्याच्या बदल्यात रेशन दुकानातून चांगले धान्य द्यावे. हे स्वप्नरंजन नव्हे. २००४ साली केनियात घरच्या दमट मक्यामुळे ३१७ माणसे आजारी पडली आणि १२५ दगावली, तेव्हा तिथे दूषित मक्याच्या जागी दुसरे धान्य वाटण्यात आले. पण मृत्यूंनंतर! ते आधी वाटणे म्हणजेच नियोजन.

याच्या जोडीला गावोगाव पक्की खळी व वाळवणाचे ओटे, जमिनीपासून उंच कोठारे, प्रत्येक बाजार समितीत ओलावा मोजण्याचे यंत्र आणि तपासणीचे अहवाल जनतेसमोर खुले, एवढे झाले पाहिजे. यांत महाग असे काही नाही. अवकाळी पाऊस आता अपवाद उरलेला नाही. पंचनाम्यात मात्र आजही फक्त पिकाचे नुकसान मोजले जाते, उरलेले पीक कोणाच्या पोटात गेले हा रकाना त्यात नसतो. कार्यकर्त्यांनी पुढच्या पंचनाम्याच्या वेळी तलाठ्यासमोर हाच प्रश्न उभा करावा. शास्त्रज्ञांनी आपले काम केव्हाच पूर्ण केले आहे. उरलेले काम संघटनेचे आहे.