दप्तराची किल्ली कोणाच्या हातीं ?

ता. 14 ऑक्टोबर 2025 रोजीं विंडोज 10 या कार्यप्रणालीस मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या बंद झाल्या. पुढील आवृत्ति जी विंडोज 11, ती जुन्या यंत्रांस सहसा मानवत नाहीं. इंटेलच्या आठव्या पिढीमागील बहुतेक प्रोसेसर तिच्या यादींत नाहींत, व टीपीएम 2.0 नांवाची सुरक्षेची सोयही यंत्रांत असावी लागते. परिणाम असा कीं, ज्या संगणकावर कालपर्यंत सोसायटीचें कर्जखातें, उंसाच्या वजनाचे तक्ते व घरच्या शेतीचा जमाखर्च सुरळीत चालत होता, तो धडधाकट असूनही निकालांत काढण्याची वेळ आली आहे. बैल उत्तम काम देत असतां केवळ जूं नव्या मापाचें आलें म्हणून त्यास बाजार दाखवावा, अशांतलाच हा प्रकार होय.

नवें यंत्र घ्यावें कीं जुन्यावर लिनक्स बसवावें, आणि बसवावें तर कोणतें, असा प्रश्न पुष्कळ शेतकरी बंधु आम्हांस विचारीत असतात. आमच्या मतें येथें प्रश्नाचा क्रमच उलटा आहे. आधीं आपलें दप्तर कोणत्या स्वरूपांत राखावयाचें तें ठरवावें. मग तें लिहिणारा ऑफिस-संच निवडावा. आणि पडद्यावरील मांडणी, जिला डेस्कटॉप म्हणतात, ती सर्वांच्या शेवटीं पाहावी. लोक मात्र चित्रें पाहून शेवटापासून आरंभ करितात.

मुक्त स्रोत म्हणजे ज्याचा मूळ मजकूर कोणासही वाचण्याची, सुधारण्याची व दुसऱ्यास देण्याची मोकळीक आहे, असा प्रोग्राम. घरीं राखलेलें बियाणें जसें शेजाऱ्यास देतां येतें, तसाच हा प्रकार आहे. याचा खरा लाभ फुकट मिळण्यांत नसून टिकण्यांत आहे, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. स्टारऑफिस हा जर्मनींत तयार झालेला संच सन कंपनीनें 1999 सालीं विकत घेतला व 2000 सालीं त्याचा मूळ मजकूर ओपनऑफिस या नांवानें खुला केला. 2010 सालीं सन कंपनीच ओरॅकलच्या मालकीची झाली. नव्या मालकाविषयीं शंका आलेल्या कारागिरांनीं त्याच वर्षीं तोच मजकूर घेऊन लिब्रेऑफिस निराळें काढलें, व डॉक्युमेंट फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखालीं तें आज जोमानें वाढत आहे. मजकूर बंद असता तर वापरणाऱ्यांस नव्या मालकाच्या मर्जीवरच राहावें लागलें असतें. ओपनऑफिस हें जुनें नांव अपाचे संस्थेकडे अद्याप आहे. परंतु 2014 नंतर त्यांत मोठी भर पडलेली नाहीं. सबब नांवास न भुलतां लिब्रेऑफिसच घ्यावें, अशी आमची शिफारस आहे.

लिब्रेऑफिसचें मूळचें लेखनस्वरूप ओडीएफ हें होय. त्यास 2006 सालीं आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली असून त्याची रचना सर्वांस उघड आहे. बँकेशीं किंवा तालुक्याच्या कचेरीशीं ज्यांचा वर्डच्या व एक्सेलच्या फाइलींचा रोजचा व्यवहार आहे, त्यांनीं ओन्लीऑफिस हा दुसरा मुक्त संच अवश्य पाहावा. तो त्याच स्वरूपांत काम करीत असल्यानें तक्त्यांची मांडणी तुलनेनें कमी हालते. परंतु घरची मूळ प्रत ओडीएफमध्यें असावी, आणि केवळ वाचण्यासाठीं बाहेर धाडावयाची प्रत पीडीएफ करून धाडावी.

याहून महत्त्वाची गोष्ट मराठी अक्षरांची आहे. आमच्याच दप्तरांत वीस वर्षांपूर्वींचे कांहीं अहवाल एका खासगी टंकांत लिहिलेले आहेत. तो टंक ज्या यंत्रावर नाहीं, तेथें सारा मजकूर रोमन अक्षरांची खिचडी होऊन दिसतो. फाइल उघडते, पण वाचतां येत नाहीं. कोठार भरलेलें आणि किल्ली हरवलेली, अशी ती गत झाली. म्हणून यापुढें एकही ओळ युनिकोडावांचून लिहूं नये. लिनक्सवर इनस्क्रिप्ट कळफलक तसेच लोहित व नोटो हे देवनागरी टंक विनामूल्य मिळतात. जुन्या अहवालांचें रूपांतर करून तें एकदां माणसाच्या नजरेखालून घालावें. रूपांतरांत जोडाक्षरें व अंक चुकतात, आणि कर्जखात्यांतील चुकलेला अंक कोणास परवडणार?

आतां डेस्कटॉपकडे वळूं. केडीई व एक्सएफसीई यांचा आरंभ 1996 चा, ग्नोमचा 1997 चा. 2011 सालीं ग्नोमनें आपलें रूप पार बदललें. जुन्या वळणाच्या लोकांस तें रुचलें नाहीं, व जुनी मांडणी जपणारा माटे आणि लिनक्स मिंटच्या मंडळीचा सिनॅमन हे दोन नवे फांटे निघाले. विंडोजची संवय असलेल्यास सिनॅमन लवकर हातीं बसतो. केडीईंत फेरफाराची मुभा सर्वांत अधिक. परंतु जेथें चार जण एकाच यंत्रावर बसतात तेथें ही मुभा भांडणाचेंही कारण होते. एक्सएफसीई दिसण्यांत साधा, पण हलका आहे.

येथें अंथरूण पाहून पाय पसरावे. यंत्राची रॅम चार जीबी असेल तर एक्सएफसीई, आठ किंवा अधिक असेल तर सिनॅमन वा केडीई, असें ढोबळ मान धरावें. मात्र डेस्कटॉप बदलल्यानें सगळा आळस जाईल अशी आशा धरूं नये. इंटरनेटचा ब्राउझरच रॅमचा मोठा वांटा खातो. आणि जुन्या फिरत्या तबकडीच्या जागीं एसएसडी बसविल्यानें जो वेग येतो, तो कोणत्याही मांडणीनें येत नाहीं.

दुसरी बाजूही सांगणें आमचें कर्तव्य आहे. टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम विंडोजसाठीं आहे. डिजिटल सहीची चकती, छपाईचें यंत्र, एक्सेलमधील मॅक्रो, हीं सर्व लिनक्सवर चालतीलच असें नाहीं. प्रत्येकाची आधीं परीक्षा घ्यावी. जेथें अडेल तेथें तेवढ्या कामापुरतें एक विंडोजचें यंत्र राखण्यांत कमीपणा नाहीं.

घाईचा किंवा अर्धवट मनाचा बदल कसा अंगलट येतो हें म्युनिक शहरानें पाहिलें आहे. तेथील नगरपालिकेनें 2003 सालीं लिनक्सचा ठराव केला, 2013 पर्यंत सुमारें 15,000 यंत्रें बदललीं, आणि 2017 सालीं विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. ठराव करणें सोपें. दहा वर्षें पाठपुरावा करणें कठीण. त्याच देशांतील श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतानें 2024 सालीं सुमारें 30,000 यंत्रांसाठीं आधीं लिब्रेऑफिस व मागाहून लिनक्स हा क्रम धरला. आम्हांस हाच क्रम पसंत आहे.

लिब्रेऑफिस विंडोजवरही चालतें. तेव्हां आज आहे त्याच यंत्रावर तें बसवावें व एक हंगामभर त्यांतच दप्तर लिहावें. मग लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून, कांहीं न पुसतां, चालवून पाहावें. छपाई, जाळें व मराठी टंकलेखन हीं तिन्हीं जमलीं, म्हणजे सर्व फाइलींची प्रत बाहेर काढून ठेवून मगच कायमचें बसवावें. आणि गांवांतील एका तरी तरुणास तें नीट शिकवून ठेवावें, कारण अडल्यास धावून येणारा माणूस नसेल तर उत्तम अवजारही गंजतें.

सोसायटीचीं दप्तरें हीं सभासदांचीं आहेत. पंचवीस वर्षांनीं नातवानें आजोबांचें खातें उघडलें तर तें त्यास वाचतां आलें पाहिजे. पुढील वार्षिक सभेंत संगणक-खरेदीची रक्कम मंजूर करण्यापूर्वीं प्रत्येक सभासदानें एवढाच प्रश्न विचारावा कीं, आमचें दप्तर उद्यां कोणाच्या परवानगीनें उघडेल ? त्याचें उत्तर समाधानकारक मिळेपर्यंत पैशाचें बोलणें पुढें ढकलावें.