दूतावास नाही म्हणे! मग फॉक्सकॉन कुठल्या दाराने आला?



मागच्या वर्षी आमच्या माणच्या विहारातल्या एका तरुणाला तैवानमधल्या एका बौद्ध संस्थेने शिबिराचे निमंत्रण दिले. राहण्या-जेवणाचा खर्च त्यांचा. विमानाच्या तिकिटासाठी वस्तीने वर्गणी काढायचे ठरवले. पोरगा चाकणच्या एका कारखान्यात सहा वर्षे मशीन चालवतो, पण ठेकेदाराच्या हजेरीपटावर. पासपोर्ट कोरा करकरीत, घराण्यातला पहिला. आम्ही दोघे एका ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. त्याने पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "सर, तैवानचा दूतावासच नाही भारतात. कशाला भानगडीत पडता? थायलंडला जाऊन या."

एजंट खोटे बोलला नव्हता. भारताने 30 डिसेंबर 1949 रोजी कम्युनिस्ट चीनला मान्यता दिली आणि तैवानशी राजनैतिक संबंध उरले नाहीत. आजही दिल्लीत तैवानचा दूतावास नाही आणि तैपेईत भारताचा नाही. पण एजंटने अर्धेच सांगितले. 1995 पासून दोन्हीकडे दुसऱ्या नावाची पाटी लावून कार्यालये चालू आहेत. दिल्लीत 'तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र', तैपेईत 'इंडिया-तैपेई असोसिएशन'. पुढे चेन्नईत आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईतही तैवानचे केंद्र उघडले. नाव केंद्राचे, काम दूतावासाचे. व्हिसाही तिथूनच मिळतो.

म्हणजे दार आहे. प्रश्न आहे तो दारात उभे राहण्यासाठी लागणाऱ्या कागदांचा.

नोकरीचे पत्र हवे. कारखान्याचा एचआर म्हणाला, "तू आमचा माणूस नाहीस, ठेकेदाराकडून आण." ठेकेदार म्हणाला, "पत्रबित्र आपण देत नाही." बँकेचे स्टेटमेंट हवे. पगार दहा तारखेला येतो आणि पंधरा तारखेपर्यंत खोलीभाडे, किराणा आणि हप्त्यात संपतो. आयकर विवरणपत्र हवे. ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्याने ते कधी भरलेलेच नसते. शिबिराची तारीख निघून गेली. अर्ज भरलाच गेला नाही, त्यामुळे तो नाकारला गेल्याची नोंदही कुठे नाही.

त्याच महिन्यात माझा एक शाळासोबती तैवान फिरून आला. तो हिंजवडीत आयटी कंपनीत आहे आणि कंपनीने कधीतरी अमेरिकेला पाठवल्यामुळे त्याच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे. रात्री जेवण झाल्यावर त्याने मोबाईलवर अर्ज भरला, पैसे शून्य, परवानगी हातात. कारण तैवानचा नियमच तसा आहे. ज्या भारतीयाकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, शेंगेन देश, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड यांचा व्हिसा किंवा निवास परवाना आहे, त्याला ऑनलाइन प्रवास-परवाना फुकट मिळतो. त्याच नियमात आणखी एक अट आहे. पूर्वी तैवानमध्ये अंगमेहनतीचा कामगार म्हणून राबलेल्या माणसाला ही सवलत नाही. ज्याने त्या देशाची यंत्रे चालवली, तो पाहुणा म्हणून परत जाऊ लागला तर त्याच्यासाठी सोपे दार बंद!

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. ती मला व्हिसाच्या या नियमात स्वच्छ दिसते. एका मोठ्या देशाने ज्याला आत घेतले, त्याला दुसरा देशही विनाचौकशी घेतो. ज्याला कोणी घेतले नाही, त्याने स्वतःला रोज नव्याने सिद्ध करायचे.

इथे कोणी म्हणेल, "तो आयटीवाला मित्रही आपल्याच समाजाचा ना? मग यात जात कुठून आली?" हो, आहे आपल्याच समाजाचा. त्याच्या कष्टाचा मला अभिमान आहे. पण श्रेणीबद्ध विषमतेची खुबी हीच की ती चार जणांना एक पायरी वर घेते आणि मग त्यांना खालची पायरी दिसेनाशी होते. चाकणच्या ठेकेदारी कामात आपली पोरे कुठल्या पायरीवर आहेत, हे कोणत्याही शिफ्टच्या बसमध्ये चढून पाहा.

दुसरा आक्षेप परराष्ट्र धोरणाचा. "चीनचा दबाव आहे, औपचारिक संबंध नाहीत, सरकार तरी काय करणार?" हा आक्षेप आपल्याच पट्ट्यात खोटा ठरलेला आहे. तळेगाव आठवते का? तैवानची फॉक्सकॉन आणि वेदांता यांचा 1.54 लाख कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प तिथे येणार म्हणून किती गाजावाजा झाला! सप्टेंबर 2022 मध्ये तो गुजरातला गेला तेव्हा महाराष्ट्राचे राजकारण पेटले. पुढे जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेरच पडली. या सगळ्या काळात "दूतावास नाही, बोलणी कशी करायची?" असे एका तरी मंत्र्याने विचारले का? भांडवलाला दूतावासाची पाटी लागत नाही.

मजूर हवे झाले तेव्हाही ती लागली नाही. 16 फेब्रुवारी 2024 रोजी याच दोन बिनदूतावासी कार्यालयांनी भारतीय कामगार तैवानला नेण्याचा करार केला. लगेच तिथल्या कामगारमंत्री श्यू मिंग-चुन बोलून गेल्या की आधी ईशान्य भारतातले कामगार घेऊ, कारण त्यांचा वर्ण आणि खाणेपिणे आमच्या जवळचे आहे आणि त्यांच्यात ख्रिश्चन बरेच आहेत. टीका झाली, माफी मागितली गेली. पण कातडीचा रंग, ताटातले अन्न आणि धर्म हे निकष लावून माणूस आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा, हे आपल्याला काही नवीन नाही. गावकुसाबाहेर आपण याच मोजमापाने राहिलो.

आणि बोट फक्त तैवानकडे दाखवून चालणार नाही. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबानने काबूल घेतले, भारताने दूतावासातली माणसे परत आणली आणि 25 ऑगस्टला भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधीचे सगळे व्हिसा रद्द केले. त्यात कोरोनात घरी गेलेले, पुण्यात शिकणारे विद्यार्थीही होते. ई-व्हिसाला इमारत लागत नाही, तरी पोरे तिकडेच अडकली. ऑक्टोबर 2025 मध्ये मात्र तालिबानला मान्यता न देताच काबूलच्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्यात आला. सरकारला गरज वाटली की दूतावास उभा राहतो. विद्यार्थ्याला गरज असते तेव्हा तो "नसतो".

1951 मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना बाबासाहेबांनी दिलेल्या कारणांत परराष्ट्र धोरणही होते. आपण मात्र तो विषय दिल्लीवाल्यांवर सोडून दिला. तो परत घ्यायला हवा, आणि त्याची सुरुवात आपल्या शिफ्टपासून होऊ शकते.

पहिली गोष्ट, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे सक्तीचे आहे. या संहितांवर आपले अनेक आक्षेप आहेत आणि ते राहतील. पण नियुक्तिपत्र ठेकेदाराकडे लेखी मागा. दुसरी, पुण्यातल्या बार्टीने पहिल्या पिढीच्या पासपोर्टधारकांसाठी व्हिसाच्या कागदांचे मदत केंद्र सुरू करावे. तिसरी, तैवानला जाणाऱ्या कामगारांची भरती वर्ण, आहार आणि धर्म न पाहता होईल, अशी लेखी हमी केंद्र सरकारने घ्यावी.

आमच्या त्या पोराने ठेकेदाराला अर्ज दिला आहे. पोच घेतली आहे. उत्तर अजून आलेले नाही. पुढच्या शिबिराचे निमंत्रण मात्र आले आहे.

जय भीम! जय भारत!