भेकराचे अठरा वाटे

भेकर मारलं म्हणून आम्हांला रानटी म्हणणाऱ्यांनी जरा ऐकावं. १९६९ च्या शिमग्यात आबांनी ठासणीच्या बंदुकीनं एका बारात भेकर पाडलं. मी हाकाऱ्यांत डबा बडवत होतो. त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं होतं. मटणाचे अठरा वाटे पडले. अंथरुणाला खिळलेल्या शेजारच्या म्हातारीचा वाटा आबांच्या वाट्याएवढाच. मागं पिल्लू दिसलं तर आबा नळी खाली करायचे. १९७२ चा कायदा आला, बंदूक खुंटीला गेली. बरंच झालं म्हणा. पण रान बोडकं केलं कुणी? आमच्या अठरा वाट्यांनी, की ट्रक भरभरून कोळसा नेणाऱ्या ठेकेदारांनी? त्यांतल्याच एकाचा नातू परवा फार्महाऊसवर बसून मला हरणं वाचवायला सांगत होता!