हळदीचा सल्ला कोणाला देता?



ब्रॉयलर कोंबड्यांना हळद, लसूण, शेवग्याचा पाला खाऊ घाला, म्हणजे अँटिबायोटिकची गरजच उरणार नाही, असा सल्ला आमच्या भागातल्या पोल्ट्रीवाल्यांना हल्ली येता-जाता मिळतो. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण सल्ला चुकीच्या दारात पडतो आहे, म्हणून हे पत्र.

मी विठ्ठलवाडीत राहतो आणि मेहुण्याची शेड मुरबाड तालुक्यात आहे. तिकडचे बरेच लहान पोल्ट्रीवाले करारावर पक्षी वाढवतात. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषधेही कंपनीची. शेड, वीज, पाणी, तूस आणि रात्रीची जागरणे शेतकऱ्याची. पक्षी उचलले की किलोमागे ग्रोइंग चार्ज मिळतो, तोही एफसीआर पाहून, म्हणजे किलोभर वजनाला किती किलो खाद्य लागले ते पाहून. पाच हजार पक्षी सरासरी २.२ किलोचे भरले तर माल ११,००० किलो. १.६ च्या एफसीआरने त्याला खाद्य लागते १७,६०० किलो, म्हणजे ५० किलोच्या ३५२ गोण्या. एफसीआर नुसता ०.०५ ने चढला तरी ११ गोण्या जादा जातात आणि चार्जला कात्री लागते. अशा माणसाने मिलमधून तयार आलेल्या गोळी खाद्यात पदरची हळद कालवायची? अर्धा टक्का धरली तरी एका बॅचला ८८ किलो होते. आणि वजन घटले की कंपनीच्या सुपरवायझरचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘खाद्यात काय मिसळलंत?’

हळद-लसूण निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. ओव्यातले थायमॉल, लसूण, सेंद्रिय आम्ले, प्रोबायोटिक यांवर जगभर प्रयोग झाले आहेत. काहींत वजन सुधारले, काहींत काहीच फरक पडला नाही. पाल्यातला आणि कंदातला गुणकारी अंश दर खेपेला सारखा नसतो, हे त्याचे एक कारण. स्वस्त हळदीत शिसे असलेला पिवळा रंग मिसळल्याची प्रकरणेही आपल्याकडे झाली आहेत. शेवग्याच्या पाल्यात तंतू असतात, प्रमाण वाढले की ब्रॉयलरची वाढच मंदावते. ‘नैसर्गिक’ म्हणजे आपोआप निर्धोक, हा समज आधी सोडायला हवा. (त्याचा जुळा भाऊ म्हणजे ‘कोंबड्यांना हार्मोनची इंजेक्शने देतात’ हा समज. सहा आठवड्यांत विकायच्या पाच हजार पक्ष्यांना एकेक सुई कोण टोचत बसेल? ती वाढ निवड-पैदाशीची आणि खाद्याची आहे.)

शेतकऱ्याच्या हातात जे आहे, त्याबद्दल मात्र सल्लागार फारसे बोलत नाहीत. जुलैत मुरबाडच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली गोणी उपसली, की तळाशी दमट गठ्ठे निघतात आणि कुबट वास येतो. ते बुरशीचे लक्षण. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन पक्ष्याचे यकृत खराब करते आणि प्रतिकारशक्ती पाडते. मग लस देऊनही मरतूक होते. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचणे, ओले तूस वेळेवर बदलणे, पाण्याची पाइपलाइन आतून धुणे, मे महिन्यात दुपारी खाद्य उचलून पहाटे आणि रात्री देणे, यांत चमत्कार काही नाही. पण ओल्या तुसावर वाढणारी रक्ती हगवण लसणाने थांबत नाही, तूस कोरडे ठेवल्याने बऱ्याच अंशी टळते.

बाकी सगळे गोणीत शिवून येते. मेहुण्याकडच्या एका गोणीवर ‘ग्रोथ प्रमोटर’ एवढेच छापलेले होते. ते ओव्याचे तेल होते की अँटिबायोटिक, हे ना त्याला कळले, ना मला. कोलिस्टिन हे असेच एक अँटिबायोटिक, माणसांच्या गंभीर आजारांत अखेरचे म्हणून राखलेले. पशुखाद्यात आणि कोंबड्यांत त्याच्या वापरावर केंद्राने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. मांस, दूध, अंड्यांतील औषधांच्या अंशांबाबत एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे कडक नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. कागद आहे. पण गोणी उघडून नमुना कोण घेतो?

युरोपीय संघाने वाढीसाठी अँटिबायोटिक देणे १ जानेवारी २००६ पासून बंद केले. तरी नेदरलँड्समध्ये ‘उपचारा’च्या नावाखाली वापर काही वर्षे हटेना. २०१० च्या सुमारास प्रत्येक फार्मच्या औषधवापराची नोंद आणि तुलना सुरू झाली, तेव्हा तो झपाट्याने उतरला. तिथे फरक पाडला तो नोंदीने.

म्हणून मागण्या साध्या आहेत. खाद्याच्या प्रत्येक गोणीवर त्यातल्या औषधांची आणि पूरक द्रव्यांची नावे, प्रमाण आणि विक्रीपूर्वी ती किती दिवस बंद ठेवायची, हे मराठीत छापावे. करारनाम्याला ही यादी जोडावी आणि तिची प्रत शेतकऱ्याकडे राहावी. पशुसंवर्धन विभागाने ठाणे जिल्ह्यातल्या शेडांतून गोण्यांचे नमुने घ्यावेत. अन्न व औषध प्रशासनाने कल्याण, उल्हासनगर, विठ्ठलवाडीच्या दुकानांतून चिकनचे नमुने घेऊन अहवाल दुकानाच्या दर्शनी भागात लावायला सांगावे. ‘अँटिबायोटिकमुक्त’ म्हणून जादा दर लावणाऱ्याकडे तर तो आधी मागावा. तपासणीचा खर्च मात्र कंपनीकडून घ्यावा, मेहुण्याच्या ग्रोइंग चार्जमधून नव्हे.

— एक वाचक, विठ्ठलवाडी (कल्याण पूर्व)