आजाराची खतावणी

व्यापारी घरातील मुलामुलींना रोजमेळ आणि खतावणी यांतील भेद वेगळा शिकवावा लागत नाही. दिवसभरात जे घडले ते रोजमेळात उतरते, मग प्रत्येक नोंद आपापल्या खात्यावर जाते. मेडिकल कोडिंग हे काम मुळात याच जातीचे आहे. डॉक्टरांची टिपणे, तपासण्यांचे अहवाल, शस्त्रक्रियेचे वर्णन हा झाला रोजमेळ. त्यातील प्रत्येक आजार व उपचार ठरावीक संकेतांकात मांडणे ही खतावणी. त्या संकेतांकांवरून विमा कंपनी रुग्णालयाचे देयक चुकते करते. अमेरिकेतील रुग्णालयांचे असे पुष्कळ काम आज चेन्नई, हैदराबाद, बंगळूर, पुणे व नवी मुंबई येथील कार्यालयांत चालते. पेढीवर बसण्याची इच्छा नसलेली, औषधशास्त्र, जीवशास्त्र, परिचर्या वा फिजिओथेरपी शिकलेली मुले या प्रशिक्षणाकडे वळतात, ती यामुळेच.

आजारांसाठी ‘आयसीडी-१०-सीएम’ आणि उपचारांसाठी ‘सीपीटी’ हे तेथील मुख्य संकेतसंग्रह. गुंतागुंत नसलेल्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाला ‘ई ११.९’ हा अंक आहे. त्याच मधुमेहाने मूत्रपिंडाचा जुनाट विकार जडला असेल तर ‘ई ११.२२’, आणि तो विकार कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगणारा आणखी एक अंक. साधे मनगटाचे हाड मोडले तरी उजवे की डावे, आणि उपचार सध्या चालू आहे की हाड जुळू लागल्यानंतरची ही भेट आहे, हे सारे अंकात यावे लागते. यास्तव शरीररचना व वैद्यकीय परिभाषा पक्की नसेल तर संकेतांक पाठ करून काहीही साधत नाही.

परंतु प्रशिक्षणाचा खरा गाभा पाठांतरात नाही, संयमात आहे. बाह्यरुग्ण विभागातील टिपणात डॉक्टरांनी ‘न्यूमोनियाची शंका’ एवढेच लिहिले असेल, तर कोडरला न्यूमोनियाचा अंक लावता येत नाही. खोकला व ताप एवढेच नोंदावे लागते. जे लिहिलेले नाही ते मनाने भरायचे नाही, मग ते कितीही उघड वाटो. याउलट, अधिक रक्कम मिळावी म्हणून उपचार होता त्याहून मोठा दाखवणे याला ‘अपकोडिंग’ म्हणतात. बाजाराच्या भाषेत हे मापात पाप. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ सांगितली आहे. खोट्या लेखाचा तो दोष संगणकाच्या पडद्यावरही तितकाच लागू पडतो. सरकारकडून अशा रीतीने पैसे उकळणाऱ्यांविरुद्ध अमेरिकेत जो कायदा वापरतात, तो मुळात १८६३ साली, यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल पुरवणाऱ्या ठेकेदारांना वेसण घालण्यासाठी झाला होता. सरकारच्या नुकसानीच्या तिप्पट भरपाई त्यात वसूल होऊ शकते. वरिष्ठांनी ‘जरा वरचा अंक लावा’ असे सुचवले, तर नवख्या कोडरने काय करावे, याची तयारी वर्गातच झालेली बरी.

प्रमाणपत्रांत ‘सीपीसी’ ही परीक्षा अधिक परिचित. ४ तासांत १०० प्रश्न, उत्तीर्ण होण्यास ७० टक्के, आणि संकेतसंग्रह समोर ठेवून उत्तरे लिहिण्याची मुभा. मात्र पुस्तके त्या वर्षाचीच हवीत. आजारांचे अंक दर १ ऑक्टोबरला व उपचारांचे १ जानेवारीला बदलतात. येथे जुनी पुस्तके स्वस्तात मिळवण्याची व्यापारी सवय अंगाशी येते. शिवाय अनुभव नसलेल्या उत्तीर्णाच्या पदवीपुढे ‘ए’ हे शिकाऊपणाचे अक्षर लागते, ते काढण्यास सामान्यतः दोन वर्षांचा अनुभव लागतो. परीक्षा म्हणजे नोकरी नव्हे, हे पालकांनी आधीच जाणावे.

‘शंभर टक्के नोकरी’ अशी पाटी लावणाऱ्या वर्गाची पारख मालाच्या पोत्याप्रमाणेच करावी. वरचा थर पाहून सौदा करू नये. शिकवणाऱ्याचे स्वतःचे प्रमाणपत्र आज चालू आहे का? नाव-पत्ता काढून टाकलेले खरे अहवाल सरावाला मिळतात, की नुसत्या याद्या? परीक्षाशुल्क, पुस्तके आणि सभासदत्वाची वार्षिक वर्गणी फीमध्ये धरली आहे का? नोकरीच्या हमीचा अर्थ कागदावर लिहून मिळतो का? आणि वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी एक विशेष सावधगिरी: परीक्षेला बसता आले तरी येथील अनेक कंपन्या जीवशास्त्राची पार्श्वभूमी असलेल्यांनाच निवडतात.

घरातील वडीलधाऱ्यांची शंका बहुधा वेगळीच असते, ती रात्रपाळीची. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या कुटुंबात ती रास्तच आहे. कोडिंग हे वाचनाचे काम असल्याने ते बऱ्याच ठिकाणी दिवसा चालते. अमेरिकेतील विमा कंपन्यांशी दूरध्वनीवर बोलण्याची कामे रात्रीची असतात. दोन्ही एकाच कार्यालयात, एकाच जाहिरातीतही असू शकतात. नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी पाळी कोणती आणि सूर्यास्तापूर्वी भोजनाची सुटी मिळेल का, हे विचारण्यात संकोच नसावा.

फी भरण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करता येते. वर्गाकडून शस्त्रक्रियेचा एक नमुना अहवाल मागून घ्यावा आणि मुलाला वा मुलीला एका दुपारी तो एकट्याने, शब्दकोश जवळ ठेवून, ओळीओळीने वाचू द्यावा. दोन तासांनी मान वर करून ‘दुसरा आहे का?’ असा प्रश्न आला, तर फीविषयी बोलणी सुरू करावीत.