आधी ओळख, मग नेम

आमच्या डॉर्मिटरीत लाइट्स आउटनंतर दोन विषयांवर वाद होतात. एक क्रिकेट आणि दुसरा क्षेपणास्त्रे. ब्राह्मोसचा वेग ध्वनीच्या जवळपास तिप्पट आहे, हे आमच्यातला सहावीतला कॅडेटही सांगेल. कोणत्या युद्धनौकेवर काय बसवले आहे, कोणाचा पल्ला जास्त, यावर मीही तावातावाने बोलतो. पण या दिवाळीच्या सुट्टीत माझे मत बदलले. आकडे पाठ असणे म्हणजे शस्त्र कळणे नव्हे. समोर काय आहे ते नीट ओळखता येणे ही पहिली विद्या आहे, आणि ती आपल्याला शाळेत शिकवली पाहिजे.

बाबांच्या नोकरीमुळे आमचे घर कोलकात्यात सॉल्ट लेकला आहे. दमदम विमानतळ जवळच असल्यामुळे गच्चीवरून उतरणारी विमाने दिसतात. सुट्टीत माझी संध्याकाळ दुर्बीण घेऊन तिथेच जाते. एक दिवस अंधार पडता पडता वर पंख आणि दोन पंख्यांची इंजिने असलेले विमान आले. मी बहिणीला ऐटीत सांगितले, "बघ, हवाई दलाचे एएन-३२!" ती म्हणाली, "दादा, शेपूट तर टी अक्षरासारखे आहे." ते प्रवासी एटीआर होते. एएन-३२ चे शेपूट तसे नसते, हे मला माहीत होते. पण मला लष्करी विमान हवे होते, म्हणून मला तेच दिसले.

घरी सगळे हसले आणि विषय संपला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही, कारण हीच चूक मोठ्या माणसांच्या हातून, हाताशी शस्त्र असताना झालेली आहे.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. त्याची आठवण म्हणून आपण त्या तारखेला नौदल दिन पाळतो. 'निर्घात'ने सोडलेले क्षेपणास्त्र 'खैबर' या पाकिस्तानी विनाशिकेकडे निघाले, तेव्हा तिच्यावरच्या लोकांना तो प्रकाश विमानाचा वाटला. त्यांनी विमानविरोधी तोफा चालवल्या आणि विमानाने हल्ला केल्याचा संदेश पाठवला. शेवटपर्यंत त्यांना आपल्यावर काय आले ते कळले नाही. दोनच दिवसांनी पाकिस्तानी हवाई दलाने स्वतःच्याच 'झुल्फिकार' या युद्धनौकेवर गोळीबार केला. ती भारतीय क्षेपणास्त्र नौका आहे असे वैमानिकांना वाटले. खरे तर आपल्या त्या नौका जेमतेम ४० मीटर लांब होत्या आणि झुल्फिकार कितीतरी मोठी होती.

शत्रूची फजिती वाचताना बरे वाटते. पण ३ जुलै १९८८ रोजी 'व्हिन्सेन्स' या अत्याधुनिक अमेरिकी युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले. त्यात २९० माणसे गेली आणि त्यांत ६६ मुले होती. विमान वर चढत होते. नौकेवरच्यांना ते आपल्यावर झेपावते आहे असे वाटले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगामजवळ आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडला. त्या सहा जणांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ती मोठी चूक होती, असे हवाई दलप्रमुखांनी पुढे उघडपणे मान्य केले. अशी कबुली द्यायलाही धैर्य लागते.

यावर माझा एक मित्र म्हणतो, "आता रडार आणि यंत्रे सगळे ओळखतात, आपण कशाला डोकेफोड करायची?" मला हे पटत नाही. व्हिन्सेन्सवरची यंत्रे विमान चढते आहे असेच दाखवत होती. ती वाचणारी माणसे घाबरलेली होती.

त्याच सुट्टीत बाबांनी मला शेजारच्या न्यू टाउनमध्ये नेले. तिथे नौदलाचे टीयू-१४२ ठेवले आहे. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५० मीटर, चार इंजिने आणि प्रत्येक इंजिनावर उलटसुलट फिरणारे दोन पंखे! ही विमाने १९८८ मध्ये नौदलात आली. आधी ती गोव्यात होती, नंतर तमिळनाडूत अरक्कोणमला गेली आणि २०१७ मध्ये निवृत्त झाली. त्यांच्यात टॉर्पेडोही असत. पण एवढ्या मोठ्या विमानाचा बहुतेक वेळ समुद्रावर तासन्‌तास फिरण्यात, पाण्यात ध्वनी टिपणारी उपकरणे टाकण्यात आणि आवाज कोणाचा ते ओळखण्यात जाई. हे वाचल्यावर मला माझ्या गच्चीवरच्या घाईची लाज वाटली.

म्हणून माझी एक सूचना आहे. आठवड्यातून एकदा, प्रेपच्या आधी दहा मिनिटे, फळ्यावर विमानांच्या आणि नौकांच्या फक्त काळ्या आकृत्या लावाव्यात. आपली, परकी, लष्करी, प्रवासी, सगळी मिसळून. कॅडेटने नाव लिहावे आणि कशावरून ओळखले तेही लिहावे. खात्री नसेल तर 'माहीत नाही' असे लिहिण्याची मुभा असावी. चुकीच्या नावाला गुण कापावेत, 'माहीत नाही'ला कापू नयेत. खर्च फक्त कागदाचा आहे.

फायरिंग रेंजवर उस्ताद आम्हाला दर वेळी बजावतात की समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे पाहिल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाता कामा नये. मला ते आधी पॉइंट टू-टू रायफलपुरते वाटायचे. उद्या आमच्यापैकी कोणी रडारच्या पडद्यासमोर बसेल, तेव्हाही तेच लागू असेल. आणि त्या ठिपक्यात कदाचित आमच्याच बॅचचा कोणी असेल.